अशोकाचं झाड, पाळीचा काढा आणि १९५४ चा कायदा

हेडफोन लावलेत ना? लावा. आजचा विषय घरात स्पीकरवर ऐकायला काहींना अवघड जाईल, म्हणून आधीच सांगितलं. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकलाय. बोलताना जे अडखळले, ते इथे थोडं नीट केलंय.

सुरुवात आमच्या अंबडपासून. मी पुण्यात कोड लिहिते, पण दिवाळीला घरी, म्हणजे अंबडलाच. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझी पाळी तीन महिने आलेली नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण आत्याला कळलं. आत्यांना कळतंच. फराळाच्या दुसऱ्या दिवशी तिने एका भाच्याला पिटाळलं, "जा, त्या शाळेच्या कंपाउंडातल्या अशोकाची साल घेऊन ये." साल आली. तिने ती धुतली, ठेचली, दुधात उकळली, गाळली आणि पितळेच्या पेल्यात माझ्यापुढे धरली. "पी. अशोक म्हणजे शोक घालवणारा. बाईच्या दुखण्यावर याच्यासारखं औषध नाही."

मी बीटेक केलेली मुलगी. मी प्यायले. पंधरा दिवस प्यायले. काही झालं नाही.

पुण्यात आल्यावर डॉक्टरकडे गेले, तपासण्या झाल्या, पीसीओएस निघालं. औषध सुरू झालं, वजनावर काम सुरू झालं, पाळी हळूहळू वळणावर आली. पण तो पेला डोक्यात अडकून बसला. आमच्या कामात एक सवय लागते. एखादी गोष्ट चालली नाही तर "चालली नाही" म्हणून सोडून द्यायची नाही. कुठे चुकलं ते बघायचं. इनपुट चुकला? पद्धत चुकली? की मुळात प्रश्नच वेगळा होता? म्हणून मी शोधायला बसले, आणि तिन्ही ठिकाणी बग सापडले.

पहिला बग : झाड

शाळेच्या, तहसीलच्या, बंगल्यांच्या कंपाउंडला जे उंच, सरळ, मिनारासारखे हिरवे "अशोक" आपण लहानपणापासून बघतो, ते अशोक नाहीतच. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. हे सीताफळाच्या कुळातलं झाड. आवाज आणि धूळ अडवायला रस्त्याकडेला लावतात. त्याला आसुपालव असंही म्हणतात.

खरा अशोक म्हणजे सीता-अशोक, साराका असोका. हे शेंगा येणाऱ्या झाडांच्या कुळातलं. उंची मध्यम, फांद्या पसरलेल्या, कोवळी पानं तांबूस आणि लोंबती. फुलं नारिंगी-लाल, गुच्छांनी येतात आणि थेट जाड फांद्यांवर, कधी खोडावरही फुटतात. हे झाड ओलाव्याच्या जागी, सह्याद्रीच्या सावलीत वाढतं. आमच्या मराठवाड्याच्या कोरड्या रानात ते आपोआप उगवणं शक्यच नाही.

आणि खरा अशोक आता कमी झालाय. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत १९९८ पासून तो "असुरक्षित" या गटात आहे. साल काढली की झाड मरतं किंवा खंगतं, आणि मागणी तर सालीलाच. मग बाजारात काय येतं? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी दक्षिण भारतातल्या बाजारांतून अशोकाची साल म्हणून विकले जाणारे नमुने गोळा केले आणि डीएनए बारकोडिंगने तपासले. ८० टक्क्यांहून जास्त नमुने अशोकाचे नव्हतेच. म्हणजे फसलेला फक्त माझा भाचा नाही, व्यापारीसुद्धा फसतोय, किंवा फसवतोय.

दुसरा बग : आजार

समजा खरी साल मिळाली असती. मग?

इथे ग्रंथ उघडावे लागतात. चरकसंहितेत अशोक आहे, पण वेदना कमी करणाऱ्या दहा द्रव्यांच्या यादीत. अशोकाची साल दुधात उकळून देण्याचा प्रयोग ठळकपणे येतो तो नंतरच्या ग्रंथांत. बंगालमधल्या चक्रपाणिदत्ताने अकराव्या शतकात लिहिलेल्या चक्रदत्तात तो आहे. आज मेडिकलमध्ये मिळणारं अशोकारिष्ट तर आणखी अलीकडच्या भैषज्यरत्नावलीतलं. आत्याची दुधाची रेसिपी हजार वर्षं जुनी आहे, हे कळल्यावर मला खरंच भारी वाटलं. कुठे बंगाल, कुठे अंबड, आणि मधे एकही व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नाही!

पण चक्रदत्तात ही साल कशासाठी सांगितलीय? असृग्दरासाठी. म्हणजे रक्त जास्त जाण्यासाठी. आमच्याकडे बायका ज्याला "अंगावरून जातंय" म्हणतात, त्यासाठी. आणि माझी तक्रार काय होती? पाळी येतच नव्हती. म्हणजे खरं झाड असतं, खरी साल असती, तरी ग्रंथाप्रमाणेही ते माझं औषध नव्हतं!

जुन्या ग्रंथकारांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. जास्त जाणं म्हणजे असृग्दर किंवा रक्तप्रदर. न येणं म्हणजे नष्टार्तव. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात रक्तप्रदरासाठी पुष्यानुग चूर्ण आहे, तांदळाच्या धुवणातून घ्यायचं. तांदुळजाचं मूळ मधातून, तेही तांदळाच्या धुवणाबरोबर घ्यायला सांगितलंय. आमच्या आजीच्या तोंडी "तांदळाचं धुवण दे तिला" हे वाक्य असायचं. ते कुठून आलं ते आता कळलं. उलट पाळी न येणाऱ्या बाईसाठी सुश्रुतसंहितेत काय सांगितलंय? मासे, हुलगे, तीळ, उडीद आणि चक्क मद्य. मद्य सोडा, पण हुलगे आणि तीळ! मराठवाड्यात पाळी लांबलेल्या पोरीला हुलग्याचं माडगं पाजतात, तीळगूळ खायला देतात. ते बिनबुडाचं नाही. त्याला परंपरा आहे. आता परंपरा आहे म्हणजे लागू पडतंच असं नाही, त्याकडे नंतर येते.

मुद्दा असा की गेल्या शंभरेक वर्षांत हे दोन वेगळे कप्पे एकाच शब्दात कोंबले गेले : "पाळीच्या तक्रारी". बाटलीवर लिहिलेलं असतं, "स्त्रियांच्या सर्व तक्रारींवर". ताप चढलेल्याला आणि अंग गार पडलेल्याला एकच गोळी द्यावी, तसा हा प्रकार.

तिसरा बग : शब्द

आता इतिहासाचा जड भाग. इथे थोडं थांबून वाचा.

"पाळी आणणारं औषध" हे शब्द आपल्याला साधे वाटतात. पण आज मेडिकलमधून पन्नास-साठ रुपयांचं किट आणून पाच मिनिटांत कळतं की गरोदर आहोत का नाही. ही सोय अगदी नवी आहे. लघवीवरून गर्भ ओळखायची पहिली भरवशाची चाचणी बर्लिनच्या अशहाइम आणि झोंडेक यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी काढली. त्यात लघवी उंदरांना टोचावी लागे आणि निकालाला दिवस लागत. घरी करायची चाचणी बाजारात आली १९७० च्या दशकात. त्याआधी हजारो वर्षं पाळी चुकलेल्या बाईसमोर एकच प्रश्न असायचा, रक्त अडलंय की दिवस गेलेत? पहिल्या दोन-अडीच महिन्यांत खात्रीने सांगणारं कोणीच नव्हतं. त्यामुळे "अडलेलं रक्त मोकळं करणारं" औषध आणि गर्भ पाडणारं औषध बऱ्याचदा एकच असे. फक्त नाव सभ्य. युरोपातही तेच चालायचं. वर्तमानपत्रांत "स्त्रियांच्या गोळ्या" म्हणून जाहिराती येत आणि वाचणारीला अर्थ बरोबर कळे.

महाराष्ट्रात या सभ्य नावामागे कोण होतं? मुख्यतः विधवा. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, नवरा गेला की केशवपन, पुन्हा लग्नाला बंदी, आणि घरातल्याच पुरुषाची नजर. दिवस गेले की दोनच वाटा, पोटातल्याला मारा नाहीतर स्वतःला. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याचसाठी. अशा बाईने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल जगावं. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी केली गेली. पण त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नावाने बोटं मोडली. आणि आमच्या शेजारच्या बुलढाण्यात एक बाई पेटून उठली. ताराबाई शिंदे. १८८२ मध्ये त्यांचं "स्त्रीपुरुष तुलना" प्रसिद्ध झालं. पापाचा निम्मा वाटेकरी पुरुष, मग फास बाईच्याच गळ्यात का, हा तिचा गाभा. जालन्याहून बुलढाणा काही लांब नाही, पण आम्हाला हे शाळेत कुणी सांगितलं नाही.

त्या काळात वापरली जाणारी द्रव्यं वैद्यकीय न्यायशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत नोंदलेली आहेत. सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे चित्रकाचं मूळ. ते कसं वापरायचे हे मी सांगणार नाही. एवढंच सांगते की त्याने आतून भाजतं, जखमा होतात, जंतुसंसर्ग होतो, आणि कित्येक बायका त्यातच गेल्या. "झाडपाला आहे, साइड इफेक्ट नसतो" असं कोणी म्हटलं की मला चित्रक आठवतो. परदेशातलं उदाहरण हवं असेल तर १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १८ वर्षांची एक मुलगी पुदिन्याच्या जातीच्या एका वनस्पतीचं तेल पिऊन गेली. तिलाही पाळीच आणायची होती.

आणि पपई? "पाळी येत नाही? पपई खा." हे तर प्रत्येकीने ऐकलंय. गंमत बघा. पपई मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. चरकाने, सुश्रुताने पपई बघितलेली नाही. आपल्या "हजारो वर्षांच्या परंपरेतला" हा पाहुणा मिरची-बटाट्याबरोबर आलेला आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांवर तपासलं, तर पिकलेल्या पपईचा गर्भाशयावर काही परिणाम दिसला नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले. म्हणजे फ्रूट प्लेटमधल्या पिकल्या फोडीने पाळी येत नाही, आणि गरोदरपणी कच्च्या पपईपासून लांब राहावं हे शहाणपणाचं.

याच काळात कल्याणची एक मुलगी फिलाडेल्फियाला गेली. आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये एमडी झाल्या तेव्हा त्यांचा प्रबंध होता आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. जुनं ज्ञान फेकूनही द्यायचं नाही आणि डोळे झाकून गिळायचंही नाही, नवीन विद्येच्या टेबलावर ठेवून बघायचं, असा मी त्याचा अर्थ लावते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने त्या गेल्या. वय पुरतं बावीससुद्धा नाही.

१९५४ चा कायदा, जो तुमच्या फोनवर रोज मोडतो

स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, संसदेने औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. त्याचं कलम ३ वाचा. गर्भपात घडवणारं किंवा गर्भधारणा रोखणारं औषध म्हणून जाहिरात करायची नाही. आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय, स्त्रियांच्या मासिक पाळीतला बिघाड दुरुस्त करणारं औषध म्हणूनही जाहिरात करायची नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावले. पाळीच्या औषधाची जाहिरात गुन्हा? पण वरचा इतिहास माहीत असेल तर लगेच उलगडतं. दोन्ही गोष्टी एका कलमात येण्याचं कारण म्हणजे व्यवहारात त्या वेगळ्या नव्हत्याच. "हमदर्द" दवाखान्यासह काही औषधवाल्यांनी या कायद्याला आव्हान दिलं, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे काही तुकडे रद्द केले, पण मूळ हेतू मान्य केला. लोकांनी जाहिरात बघून स्वतःच स्वतःवर औषधोपचार करू नयेत, हा तो हेतू.

पुढे गर्भपातावर शांतिलाल शहा समिती बसली. शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. निदान कायद्याच्या पुस्तकात तरी चित्रकाच्या मुळाची गरज संपली.

आता इन्स्टा उघडा. "सात दिवसांत पाळी रेग्युलर." "पीसीओएस मुळापासून बरा." लिंक बायोमध्ये, कूपन कोडसह. सत्तर वर्षांचा कायदा आहे, मंडळी.

मग काहीच चालत नाही का?

तसं नाही. इथे मी प्रामाणिक राहणार. पुरावा जेवढा आहे तेवढाच सांगणार.

पाळीत पोट दुखण्यावर आलं. इराणमध्ये २००९ मध्ये १५० विद्यार्थिनींवर अभ्यास झाला. आल्याच्या कॅप्सूल आणि नेहमीच्या दोन वेदनाशामक गोळ्या यांत फारसा फरक दिसला नाही. मेथी : २०१४ मध्ये १०१ विद्यार्थिनी, मेथीची पूड विरुद्ध खोटी गोळी, मेथीच्या गटात दुखणं जास्त कमी झालं. जास्त रक्तस्राव : २०१५ मध्ये ९२ मुलींवर आल्याचा प्रयोग, स्राव कमी झाला. पीसीओएसमध्ये पाळी लांबणं : २०१४ मध्ये अमेरिकेत ४५ जणींवर दालचिनीचा प्रयोग, रोज दीड ग्रॅम, सहा महिने, पाळ्यांची संख्या वाढली.

ऐकायला छान. पण आकडे बघा. १५०, १०१, ९२, ४५. आम्ही एखादं बटण निळं ठेवायचं की हिरवं हे ठरवायला यापेक्षा मोठी टेस्ट घेतो. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने पाळीच्या दुखण्यावरच्या अशा पूरक द्रव्यांचे २७ प्रयोग एकत्र तपासले, एकूण ३,१०१ स्त्रिया. निष्कर्ष : एकाही द्रव्याच्या बाजूने उच्च दर्जाचा पुरावा नाही. आलं-मेथीसाठी थोडा, कच्चा पुरावा. म्हणजे आल्याचा चहा घ्या, मेथीचे लाडू खा, काही बिघडत नाही. पण त्याला उपचार समजून बसू नका.

आणि अशोक? प्रयोगशाळेत, प्राण्यांवर काही काम झालंय. माणसांवरचे प्रयोग छोटे, आणि बऱ्याच ठिकाणी तुलनेला दुसरा गटच नाही. मग बाटली विकायला परवानगी कशी मिळते? कारण नियम तसा आहे. औषध नियमावलीच्या १५८-ब या नियमानुसार, मान्य जुन्या ग्रंथातलं औषध, ग्रंथातल्याच कृतीने आणि ग्रंथातल्याच आजारासाठी बनवलं, तर नवीन चाचण्यांचा पुरावा मागितला जात नाही. ग्रंथात आहे, हाच पुरावा. पण ग्रंथातला अशोक आणि बाजारातली साल एकच आहे का? वर सांगितलंच.

वनस्पतीतून खरं औषध निघत नाही असं नाही. मला पीसीओएससाठी मिळालेली गोळी मेटफॉर्मिन. तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका झुडपात आहे. त्यातलं द्रव्य विषारी होतं, म्हणून त्याच्या जवळचे रेणू बनवले, तपासले, आणि १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. तोही झाडपालाच होता. फक्त परीक्षा देऊन आला. आणि जास्त रक्तस्रावावर आज जी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी देतात, ती जपानच्या उताको ओकामोतो या बाईंनी नवऱ्याबरोबर शोधली, १९६२ मध्ये. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांना वाचवायचं, एवढाच तिचा ध्यास.

आत्या

आता जे सांगणार आहे ते तिच्या परवानगीने.

एवढं सगळं वाचून मी गेल्या वर्षी अंबडला गेले आणि फुशारकीने आत्याला म्हटलं, "आत्या, तू मला पाजलेली साल अशोकाची नव्हतीच. ते झाडच वेगळं आहे." मला वाटलं ती हसेल, नाहीतर भांडेल. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "अगं, मी तर वरीस झालं तेच पितीय की."

तेव्हा कळलं की रेसिपी तिच्या तोंडावर का होती. आत्या ४७ ची. वर्षभर तिच्या अंगावरून जात होतं. दहा-दहा दिवस, गाठी पडून. जिना चढताना दम लागायचा, तर म्हणायची वय झालं. हिमोग्लोबिन तपासलं, ६.८. निरोगी बाईचं १२ च्या वर असायला हवं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी दिसल्या.

ज्या पहिल्या दवाखान्यात गेलो तिथे पाच मिनिटांत उत्तर मिळालं, "पिशवी काढून टाका. पुढे कॅन्सर व्हायला नको." दुसरा पर्याय सांगितला नाही, प्रश्न विचारायला वेळ दिला नाही. आत्या तयारही झाली होती. "काढून टाकते बाई. काम झालंय तिचं."

हे वाक्य आमच्या भागात नवीन नाही. अंबड तालुक्यात शहागडला गोदावरी ओलांडली की पलीकडे गेवराई, बीड जिल्हा. तिथून आणि आमच्याकडूनही दरवर्षी दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला जातात. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली, तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांशी बोलले. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहात एक. फडात संडास नाही, पाणी नाही, सुट्टी घेतली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. पाळी हीच अडचण, मग अडचणच काढून टाका.

मला त्या दवाखान्यात बसून एक गोष्ट लख्ख दिसली. शाळेच्या कंपाउंडातली साल आणि पाच मिनिटांतली पिशवी, या दोन टोकांच्या गोष्टी वाटतात. पण दोन्हींत एकच चूक आहे. रक्त का जातंय, हे कोणीच विचारलं नाही. काढ्याने विचारलं नाही, कात्रीनेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया ॲनिमिक निघाल्या. निम्म्याहून जास्त. त्यातल्या किती जणी जिना चढताना "वय झालं" म्हणत असतील?

आम्ही दुसरं मत घेतलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी अर्धा तास दिला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला, वाईट काही निघालं नाही. शिरेतून लोह दिलं, रक्तस्राव कमी करायची गोळी दिली, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. हिमोग्लोबिन ११ वर आलं. पिशवी अजून तिच्याकडेच आहे. उद्या गरज पडली तर काढतीलही, पण ते विचार करून ठरेल. कधीकधी शस्त्रक्रिया हाच योग्य उपाय असतो, तेही खरं.

म्हणून जाता जाता, कामाचं तेवढं लिहून ठेवते. पाळी चुकली आणि गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी किटने तपासा, काढा नंतर. तीन महिने पाळी नाही, आठवड्याहून जास्त दिवस रक्तस्राव, तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी, किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरकडे जा. रक्ताची, थायरॉइडची तपासणी आणि सोनोग्राफी सरकारी रुग्णालयातही होते. पिशवी काढायला सांगितली तर "का?" विचारा आणि दुसरं मत घ्या. वैद्यांकडे जात असाल तर पदवीधर वैद्यांकडे जा, आणि रिपोर्ट त्यांनाही दाखवा. चांगला वैद्य रिपोर्ट मागतोच.

या दिवाळीत आत्याने मला विचारलं, "मग खरा अशोक दिसतो तरी कसा?" मी पुण्याच्या नर्सरीतून एक रोप नेलं. आमच्या उन्हाळ्यात ते तगणं अवघड आहे, म्हणून तिने ते न्हाणीच्या पाण्याजवळ, सावलीत लावलंय. रोज पाणी घालते. मी म्हटलं, "आत्या, साल काढायची नाही हं." म्हणाली, "साल कशाला? फुलं बघायची मला."

पुढच्या भागात भेटू. आज हा भाग आईला, आत्याला, मावशीला पाठवा. आणि एकदा सहज विचारा, "दम लागतो का गं जिना चढताना?"